चौकटीतले अक्षर आणि रुमालातले अक्षर

वाचकहो, आपल्या घराच्या भिंतींकडे एकदा सावकाश दृष्टी फिरवून पाहा. कोठे तरी काचेच्या चौकटीत बसवलेला एखादा कागद आढळेल. आजोबांची पदवी असेल, एखाद्या संस्थेचे मानपत्र असेल, वडिलांच्या नोकरीतील प्रशस्तिपत्र असेल. त्या कागदाच्या माथ्यावरची इंग्रजी अक्षरे पुष्कळदा अशी असतात की, उत्तम इंग्रजी जाणणाऱ्यासही ती चटकन लागत नाहीत. जाड, टोकदार, अरुंद आणि एकमेकांस खेटून उभी राहिलेली अशी ही अक्षरे म्हणजे जणू भालाइतांची रांगच. ती वाचण्यापूर्वीच माणूस थोडा दबून जातो. या वळणास इंग्रजीत ‘ब्लॅकलेटर’, म्हणजे काळे अक्षर, म्हणतात. छापखान्यांतून ते ‘ओल्ड इंग्लिश’ किंवा ‘गॉथिक’ या नावांनीही ओळखले जाते. या खेपेस त्याच अक्षराविषयी थोडे बोलू, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या स्वतःच्या एका अक्षराविषयीही.

हा विषय मला सुचला तो तिरुवैयारु येथे. तंजावरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, हे गाव वसले आहे. ‘तिरु-ऐ-आरु’ म्हणजे पवित्र अशा पाच नद्यांचे स्थान. संत त्यागराजांचे वास्तव्य येथेच होते. १८४७ च्या जानेवारीत येथेच त्यांनी देह ठेवला आणि येथेच त्यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीस होणाऱ्या आराधनेसाठी देशभरातून गायक-वादक येथे जमतात. त्यागराजांच्या हयातीत या प्रदेशावर मराठ्यांचे राज्य होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरास राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी कुटुंबे आजही तेथे आहेत. त्यांची मराठी ऐकताना आपल्या पणजीच्या काळचे एखादे दार अचानक उघडल्यासारखे वाटते.

अशाच एका घरी मी आराधनेच्या दिवसांत उतरलो होतो. घरातील वडीलधाऱ्या बाईंना सारे अक्का म्हणत. देवघराच्या दाराशी, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक चौकट टांगलेली होती आणि तिला रोज हळदीकुंकू वाहण्याची रीत होती. कागद जुना, पिवळा पडलेला. माथ्यावर दोन शब्द चांगले बोटभर उंचीच्या काळ्या अक्षरांत छापलेले. खाली बारीक हस्ताक्षर आणि एका कोपऱ्यात मुद्रा. “राजांनी आमच्या घराला दिलेली सनद आहे ही,” अक्का म्हणाल्या, “पण तीन पिढ्यांत कुणी वाचली नाही. तुम्ही वाचता का?”

मी जवळ जाऊन पाहिले. माथ्यावरचे शब्द होते ‘दिस इंडेंचर’, म्हणजे ‘हा करारलेख’. खालचे हस्ताक्षर लागायला अर्धा तास गेला आणि मग मला अक्कांकडे पाहण्याचे धैर्य होईना. ती सनद नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका सावकाराकडे या घराची भातशेती गहाण ठेवल्याचे ते गहाणखत होते.

वाचकहो, या घरच्या माणसांना हसू नका. अक्षराचा पोशाखच तसा होता. इंग्लंडमधील वकिलांनी आपल्या लेखांतील पहिले शब्द या काळ्या अक्षरांत घालण्याची प्रथा शतकानुशतके पाळली होती आणि इंग्रजी अमलाबरोबर ती हिंदुस्थानातही आली. ‘इंडेंचर’ या शब्दाचे मूळ ‘दात’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पूर्वी एकाच कातड्यावर कराराच्या दोन प्रती लिहून त्या मधोमध दातेरी रेषेत कापीत. पुढे वाद निघाला, तर दोन्ही तुकडे जुळवून खरे-खोटे पाहत. कापण्याची रीत गेली, नाव राहिले. आणि नावाबरोबर ते धाकदपटशाचे अक्षरही राहिले. वाचता न येणाऱ्या माणसावर सर्वांत अधिक प्रभाव पाडणारे अक्षर कोणते, असे कोणी विचारले तर मी या अक्षराकडेच बोट दाखवीन.

हे अक्षर मुळात कोणास धाक घालण्यासाठी जन्मले नव्हते. बाराव्या शतकाच्या सुमारास उत्तर युरोपात विद्यापीठे वाढली आणि ग्रंथांची मागणी वाढली. चर्मपत्र तर महाग. तेव्हा लेखनिकांनी अक्षरे अरुंद केली, एकमेकांजवळ आणली आणि गोलाई मोडून तिचे लहान लहान सरळ फटकारे केले. रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीने असे लिहिले असता उभ्या रेषा जाड आणि सांधे केसासारखे बारीक येतात. साऱ्या पानावर काळ्या-पांढऱ्याची सारखी वीण दिसू लागते. म्हणूनच त्याच्या सर्वांत कडक प्रकारास ‘टेक्स्टूरा’, म्हणजे विणलेले वस्त्र, असे नाव पडले. ही वीण सुंदर खरी, पण तिची एक अडचण होती. ‘मिनिमम’ हा शब्द रोमन लिपीत या वळणाने लिहिला, तर एकापुढे एक अशा १५ सारख्याच उभ्या काड्या दिसतात. त्यांतून ‘एम’ कोणता आणि ‘एन’ कोणता हे वाचकाने अंदाजाने ठरवायचे. ‘आय’ या अक्षराच्या डोक्यावर आज जो टिंब आपण देतो, तो मूळचा अशाच काड्यांच्या गर्दीत त्यास ओळखता यावे म्हणून दिलेला लहानसा फराटा होय.

जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास ४२ ओळींचे बायबल छापले, तेव्हा खिळ्यांसाठी त्याने हेच वळण घेतले. त्या काळी ग्रंथ म्हटला की, असाच दिसे. इटलीतील विद्वानांना मात्र ते रुचले नाही. जुन्या ग्रंथांतील गोल, मोकळ्या अक्षराकडे ते वळले आणि या उत्तरेकडच्या अक्षरास त्यांनी तुच्छतेने ‘गॉथिक’, म्हणजे रानटी, म्हटले. व्हेनिसमध्ये १४७० च्या सुमारास निकोलस जेन्सनने जे रोमन खिळे पाडले, त्यांच्याच वंशातील अक्षरे आज आपण इंग्रजी पुस्तकांत वाचतो. इंग्लंडातही रोमन अक्षर हळूहळू रुळले. तथापि १६११ चे प्रसिद्ध इंग्रजी बायबल काळ्या अक्षरातच छापलेले आहे. जर्मनीने मात्र ते सोडले नाही. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे ‘फ्राक्टूर’ हे त्याचे अधिक डौलदार रूप घडले. फ्राक्टूर म्हणजे मोडलेले. नाव लक्षात ठेवा. पुढे एका मोडलेल्या अक्षराशी आपली गाठ पडायची आहे.

आता आपण कावेरीच्या खोऱ्यात परत येऊ. कारण हे जर्मन अक्षर येथेही पोहोचले होते. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकाठी तरंगमबाडी, म्हणजे ट्रंकबार, येथे डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ मध्ये जर्मन मिशनरी आले. त्यांची वृत्ते जर्मनीत हाले या गावी फ्राक्टूर अक्षरांत छापली जात. कावेरीकाठच्या गावांची नावे त्या टोकदार काळ्या अक्षरांत युरोपातील घराघरांतून वाचली गेली. तमिळ खिळेही प्रथम हाले येथेच पाडून इकडे पाठविण्यात आले. परंतु ते फार मोठे होते. इतक्या मोठ्या अक्षरांत ग्रंथ छापायचा, तर कागद पुरणार कोठून? तेव्हा ट्रंकबारजवळच ओतशाळा घालून लहान खिळे पाडले गेले आणि १७१४-१५ मध्ये तमिळ भाषेतील नवा करार तेथे छापून झाला. अक्षर मोठे आणि भारदस्त असणे एक आणि ते उपयोगी पडणे दुसरे, हा धडा या भूमीवर तेव्हाच गिरवला गेला.

या मिशनातील क्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे पुढे तंजावरास आले. ते तरुण सरफोजीराजांचे पालक आणि मार्गदर्शक झाले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. पुढील वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व मानमरातब एवढेच उरले. परंतु या विद्याव्यासंगी राजाने विद्येचे राज्य उभारले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. तंजावरात त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने विद्येचा आणि मुद्रणाचा उद्योग आरंभिला. इसापाच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ हे याच छापखान्यातून १८०६ मध्ये निघाले. त्या आधी, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या प्राकारातील भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. चोळ राजांच्या मंदिरावर बालबोध अक्षरांतील ते प्रदीर्घ मराठी वाचताना मन थरारून जाते. दगडावर आणि छापील पुस्तकात बालबोध, पण रोजच्या दप्तरात, हिशेबात आणि पत्रव्यवहारात मात्र मोडी, असा तेथे रिवाज होता. आपल्याकडेही तसाच होता.

बालबोध आणि युरोपीय काळे अक्षर यांत एक मौजेचे नाते आहे. दोन्ही रुंद टोकाच्या लेखणीची लेकरे. फरक इतकाच की, आपल्या बोरूची तिरपी कापणी त्यांच्या लेखणीच्या उलट दिशेस असते. म्हणून त्यांच्या अक्षरात जो तिरका फटकारा जाड येतो, तो आपल्यात बारीक येतो आणि त्यांचा बारीक तो आपला जाड. शिरोरेषेने बांधलेली आपली ओळही विणलेल्या वस्त्रासारखीच दिसते. मोडी मात्र या दोहोंहून निराळी. कारकुनाने आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढावी आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जावे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती बहुधा पाळत नाही आणि शब्दांत अंतर ठेवीत नाही. दिसण्याचा हव्यास नाही, केवळ कामाची घाई. तरीही विल्यम कॅरीने १८१० मध्ये श्रीरामपूरहून काढलेल्या मराठी-इंग्रजी कोशात मोडीचे खिळे वापरले होते, इतकी ती तेव्हा सर्वांच्या डोळ्यांत बसलेली होती.

या दोन लिप्यांच्या नशिबी पुढे एकच दैव आले. जर्मनीत फ्राक्टूर हे राष्ट्राचे अक्षर म्हणून मिरवले गेले आणि नाझी राजवटीने प्रारंभी त्याचा मोठा गौरवही केला. परंतु ३ जानेवारी १९४१ रोजी त्याच राजवटीने एक परिपत्रक काढून ही लिपी वस्तुतः ज्यूंची आहे असा धादांत खोटा आरोप केला आणि तिचा सरकारी व शालेय उपयोग थांबविला. त्याबरोबर शाळांतून शिकविले जाणारे जुने जर्मन हस्ताक्षरही बंद झाले. परिणाम असा झाला की, आज कित्येक जर्मन घरांत आजीने आजोबांना लिहिलेली पत्रे नातवंडांस वाचता येत नाहीत. भाषा तीच, रक्त तेच, पण मध्ये अक्षराची भिंत. दैवदुर्विलास असा की, पुष्कळ लोक आज त्या अक्षरास नाझींचेच अक्षर समजतात.

आपल्याकडे मोडीवर कोणी बंदी घातली नाही. छपाईला बालबोध सोयीची पडली, शाळांतून मोडीचा कित्ता गेला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारातून नाहीशी झाली. भांडण नाही, तंटा नाही. पण भिंत उभी राहिली ती तशीच.

मग काळे अक्षर आज कोठे आहे? वाचण्याच्या कामातून ते निवृत्त झाले आणि दाखविण्याच्या कामावर रुजू झाले, असे म्हणता येईल. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रांची नावे अजून त्याच अक्षरांत छापली जातात. जणू ‘आम्ही जुने आहोत, विश्वास ठेवा’ असे ते सांगत असतात. लंडनच्या टाइम्सने मात्र ३ ऑक्टोबर १९३२ रोजी आपला अंतर्बाह्य पोशाख बदलला आणि मथळ्यावरील काळी अक्षरेही उतरविली. पदव्या, मानपत्रे, नाताळची भेटपत्रे, विवाहाच्या निमंत्रणपत्रिका, जर्मनीतील खानावळींच्या पाट्या ही आता त्याची ठिकाणे. गणितज्ञही काही विशिष्ट राशींसाठी फ्राक्टूर अक्षरे वापरतात. अमेरिकेत १९०४ मध्ये ‘क्लॉइस्टर ब्लॅक’ नावाचे या वळणाचे खिळे निघाले, ते अशा शोभेच्या कामासाठीच. विल्यम मॉरिससारख्या कलावंताने १८९२ मध्ये ‘ट्रॉय’ हे अक्षर घडविताना गॉथिकचा डौल राखून ते वाचनीय करण्याचा यत्न केला, हेही येथे सांगितले पाहिजे.

आपणांपैकी कोणास शाळेचे प्रशस्तिपत्र किंवा घरच्या मंगलकार्याची इंग्रजी पत्रिका छापून घ्यायची असेल, तर या अक्षराविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, हे अक्षर दोन-चार शब्दांपुरतेच वापरावे. संस्थेचे नाव त्यात शोभते, पण पत्ता, वेळ आणि तारीख त्यात घातली तर पाहुणे मांडव शोधीत फिरतील. दोन, सगळीच्या सगळी मोठी लिपी, म्हणजे कॅपिटल अक्षरे, या वळणात कधीही सलग मांडू नयेत. ती एकेकटी शब्दारंभी उभी राहण्यासाठी घडविलेली आहेत, रांगेत बसविली की शब्दाचे जाळे होते. तीन, त्याच्या भोवती पांढरी जागा भरपूर सोडावी. दागिना एकच घालावा, तो नीट दिसेल असा घालावा. आणि ज्याच्या हाती पत्रिका द्यायची, त्याला त्याचे स्वतःचे नाव तरी वाचता येते की नाही, हे आधी पाहावे.

असो. अक्कांच्या घरी काय झाले, ते सांगायचे राहिले. गहाणखताचा अर्थ ऐकून त्या क्षणभर गप्प राहिल्या. त्यांनी मानहानीविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांनी विचारले ते इतकेच: “शेत सुटलं का पुढे?” त्या इंग्रजी कागदात याचे उत्तर नव्हते. तेव्हा त्यांनी नातवाला माळ्यावर चढविले. तेथून एक लाकडी पेटी उतरली आणि तिच्यातून मळकट कापडात बांधलेला एक गठ्ठा निघाला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही कागद अशाच कापडांत बांधतात आणि त्यांस ‘रुमाल’ म्हणतात. आत मोडी कागद होते. घरातील कोणासही ते येत नव्हते. मलाही थोडेच लागले. तंजावरातील एका मोडी जाणकारांकडे आम्ही ते नेले. बहुतेक कागद घरखर्चाचे होते: तेल, मीठ, उत्सवातील अन्नदान, कोणा मुलीच्या पाठवणीचा खर्च. त्यांतच एक लांब यादी निघाली. सावकारास दर पिकानंतर पोहोचविलेल्या रकमा तीत एकाखाली एक मांडल्या होत्या. कोणी तरी पोटाला चिमटा घेऊन वर्षामागून वर्षे ते कर्ज फेडीत होता. यादीचा खालचा भाग मात्र वाळवीने खाल्लेला होता. शेवटची रक्कम पोहोचली की नाही, शेत सुटले की गेले, हे आता कधीच कळणार नाही.

चौकटीतल्या कागदाला काच होती, कुंकू होते, मान होता. कारण त्याचे अक्षर राजेशाही दिसत होते. ज्या कागदात घरातल्या माणसाचे कष्ट लिहिले होते, तो मात्र माळ्यावर वाळवीच्या हवाली झाला. कारण त्याचे अक्षर कोणाच्या नजरेत भरत नव्हते.

वाचकहो, आपल्याही घरी असा रुमाल असणे अशक्य नाही. तो उघडण्याची वेळ आली, तर घाई करू नका. हात कोरडे ठेवा आणि मऊ कुंचल्याने धूळ झाडा. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. त्यांवर चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करण्याचा मोह टाळा. ओल नसलेल्या जागी, भिंतीस न टेकवता, स्वच्छ सुती कापडात ते ठेवा. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्या आणि ज्या क्रमाने कागद सापडले तो क्रम लिहून ठेवा. मग जाणकार शोधा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारी पुराभिलेखागारे आहेत, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तर तेथील मराठी राज्यातील मोडी कागदांचे तमिळ भाषांतर करून प्रसिद्ध केले आहे. आपल्या पूर्वजांची लिपी तमिळ अभ्यासकांनी शिकावी आणि आपण शिकू नये, हे काही ठीक नव्हे. २०१४ पासून मोडीस संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, युनिकोडमध्येही, स्थान मिळाले आहे. रोज अर्धा तास कित्ता गिरवला, तर काही महिन्यांत सोपे कागद लागू लागतात, असा शिकणाऱ्यांचा अनुभव आहे.

निघताना मी अक्कांना विचारले की, आता ती चौकट उतरवणार का? त्या म्हणाल्या, “कशाला? आमच्या घरानं घेतलेलं कर्ज आहे ते. राहू दे.” चौकट अजून तेथेच आहे. रुमाल मात्र आता माळ्यावर नाही. तो देवघराच्या कपाटात ठेवलेला आहे. आणि अक्कांचा नातू, ज्याला मराठी बोलता येते पण तमिळखेरीज दुसऱ्या लिपीत फारसे लिहिता येत नाही, तो सध्या आडवी रेघ ओढून तिच्याखाली मोडीचा ‘अ’ काढायला शिकतो आहे.